देणाऱ्याचं नाव

पौडच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी चालवलं, आता मी चालवते. लग्नसराईत आमच्याकडे भांडी विकण्यापेक्षा त्यांच्यावर नावं घालण्याचंच काम जास्त असतं. मुळशीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा, फळीवरचा डबा हातात घ्या, कडेला एक नाव कोरलेलं सापडेल, आणि ते त्या घरातल्या माणसाचं क्वचितच असेल. ते देणाऱ्याचं असतं. मालेच्या आत्याकडून, रिह्याच्या काकांकडून सप्रेम भेट. हंडा कुणाचा, तर ज्याच्या घरात पाणी भरतो त्याचा. नाव कुणाचं, तर ज्याने दिला त्याचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जगातल्या एका भल्यामोठ्या कंपनीला मात्र ते शेवटपर्यंत समजलं नाही, आणि त्यापायी माझ्या आईचं माहेर कुलपात अडकून पडलं.

माझा धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो. कोण कुठे सॉफ्टवेअर चोरून वापरतंय ते शोधून काढायचं, हे त्याचं काम. ते तो इतक्या निष्ठेने करतो की दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कुणीतरी फुकट घालून दिलेली मराठी अक्षरंसुद्धा त्याने एका रविवारी काढून टाकली. नावं घालायच्या आधी मी गिऱ्हाइकांना नमुना त्याच अक्षरांत दाखवत असे. त्यावरून आमचं बरेच दिवस बिनसलं होतं. आणि हा तोच मुलगा, ज्याचं अख्खं बालपण नकली सीडींवर पोसलं गेलं.

ती मागची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. दुकानाच्या पाठीमागे, पातेल्यांच्या चळतींच्या मधोमध एक छोटा टीव्ही, आणि त्याच्याखाली मामाने आणून दिलेली खेळाची पेटी. तिला खरं नाव काहीतरी होतं, आम्ही पेटीच म्हणायचो. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ, महाळुंग्याचा. त्याने ती पुण्यातून 'चिप मारून' आणली होती. आत एक नखाएवढा तुकडा जोडला की पेटीला असली-नकली सीडी ओळखू येईनाशी व्हायची, आणि मग कुठलीही नकली सीडी मुकाट्याने चालायची. प्लास्टिकच्या पाकिटात, वर झेरॉक्स काढलेलं धुरकट चित्र, अशा त्या सीड्या असत. अडली की वडील भांडी पुसायच्या फडक्याने ती मधून बाहेर अशी हलक्या हाताने पुसायचे, आणि बहुतेक वेळा ती पुन्हा चालायची. गल्लीतली सगळी पोरं तिथं गोळा व्हायची. हरला तो उठणार, आणि नाही उठला तर दुसरा कुणीतरी त्याच्या कानाशी ताटावर पळी बडवणार. समोर गिऱ्हाईक उभं असायचं आणि मागे हा दंगा. वडील नुसते म्हणायचे, ताट वाकवू नका.

माझे वडील वजनात गुंजभरही फसवणार नाहीत असे. त्या खोलीत चोरी चालली आहे असं त्यांच्या मनातही कधी आलं नाही. आमच्याही नाही. पेटी मामाने आणलेली, सीडी दुकानातून विकत घेतलेली, मग चोरी झाली कुठे? आता भाऊ जेवताना हा विषय काढतो. म्हणतो, ताई, ज्या माणसांनी दोन-दोन वर्षं बसून तो खेळ बनवला त्यांच्या पदरात आपण काय टाकलं? तेव्हा मी त्याला आणखी भात वाढते आणि विषय बदलते. पण मनातल्या मनात मला ती खोली कुणी परत देत असेल तर मी आजही घेईन, नकली तर नकली.

भाऊ इंजिनियरिंगला लागला तेव्हा मामाने नवी पेटी आणली. ही बंद खोक्यातली, सील केलेली. दारातूनच म्हणाला, "ही असली हाय. चिप-बिप काय न्हाई." त्याला त्याचा फार अभिमान वाटत होता. भाऊ गल्लीत पेढे वाटायला गेलेला, आणि मामा-वडील हे दोघे मेहुणे लहान पोरांसारखे उतावीळ. त्यांनी ती त्याची वाट न बघता जोडली. पेटीने पडद्यावर नाव विचारलं. मामा म्हणाला, पोराचं टाका. वडिलांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, असं कसं, देणाऱ्याचं नाव घालतात. आयुष्यभर तेच करत आलेला माणूस, दुसरं काय सुचणार? मग मामाचं नाव घातलं, मामाची जन्मतारीख घातली, मामाचा मोबाइल आणि मामाचा ईमेल घातला. शेवटी पानंच्या पानं इंग्रजी आलं आणि खाली 'मान्य आहे' अशा अर्थाचं बटण. ते मामानेच दाबलं. भाऊ आला, त्याने कपाळाला हात लावला, पण मामा समोर होता म्हणून एवढंच म्हणाला की नंतर बदलू. नंतर कुणी काही बदललं नाही.

मामा खूश होता. म्हणाला, ह्या घरात माझं नाव राहील. वडील म्हणाले, राहणारच.

त्या भेटीमागे आणखी एक गोष्ट होती, जी घरात कुणी बोलत नसे. मी लहान असताना आईने महाळुंग्याच्या जमिनीवरचं हक्कसोड करून दिलं होतं. आमच्याकडे बहिणी ते करतात. जमिनीत वाटा असतो, पण तो मागितला तर माहेरचं दार बंद होईल या भीतीने त्या सही करून मोकळ्या होतात आणि वर्षातून दोनदा साडी घेऊन परत येतात. कचेरी इथेच पौडला, त्यामुळे मी आईबरोबर गेले होते. तिथल्या माणसाने कागद पुढे सरकवला आणि विचारलं, बाई, वाचलंत का? आईने कागदाकडे न बघता मामाकडे बघितलं आणि म्हणाली, व्हय. बाहेर आल्यावर मामाने आम्हाला उसाचा रस पाजला. आई त्या दिवशी आनंदात होती हे मला चांगलं आठवतं, आणि तेच मला आजही सहन होत नाही.

मग महाळुंग्यात इमारती उगवायला लागल्या. मामाच्या दारात बिल्डर आला, आणि मामाने सगळं विकलं. घर गेलं, गोठा गेला, विहीर बुजवली, तिच्यावर आता गाड्या उभ्या राहतात. मामाला त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाले. आई तिथं एकदाच जाऊन आली. त्यानंतर त्या बाजूला जायचं म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. माहेर राहावं म्हणून तिने हक्क सोडला आणि माहेरच राहिलं नाही. हे मी म्हणते. ती कधीच म्हणाली नाही, आणि मामाला तर नाहीच नाही.

भाऊ कॉलेजला गेल्यावर पेटी तशीच पडून होती. तिच्यात एक ठोकळ्यांचा खेळ होता. त्यात जिंकायचं-हरायचं काही नाही. मोकळी जमीन असते, ठोकळे रचायचे, घर बांधायचं, झाडं लावायची, पाणी सोडायचं. सुट्टीत आलेल्या भावाने गंमत म्हणून आईला एक भिंत बांधायला शिकवलं. पावसाळ्यात दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. आई मागच्या खोलीत जाऊन बसायला लागली. मला वाटलं, झोपत असेल. एक दिवस चहा घेऊन गेले तर पडद्यावर उतरत्या छपराचं एक घर, आणि आई म्हणते, "हा आमचा सोपा. हितं माझी आजी धान निवडायची."

त्यानंतरची दोन-तीन वर्षं म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात चांगला काळ, असं मला आता वाटतं. तिने महाळुंगे बांधलं. घर, गोठा, पायऱ्यांची विहीर, नदीकडे उतरणारी वाट, आणि घराच्या मागे भाताचं मोठं खाचर. ठोकळ्यांचं असल्यामुळे सगळंच चौकोनी, जांभळाचं झाडसुद्धा चौकोनी. तिला त्याचं काही वाटत नसे. एखादी गोष्ट आठवेना झाली की ती मामाला फोन लावायची. विहिरीत उतरायला पायऱ्या कोणत्या अंगाला होत्या, देवळीत दिवा होता की कंदील, यावर बहीण-भाऊ तास-तासभर भांडायचे. मी दुकानात बसून ऐकायचे. म्हाताऱ्या माणसांना इतकं मोठ्याने हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

एका भाऊबिजेला मामा आला तेव्हा आईने त्याला ते सगळं फिरवून दाखवलं. तो पाटावर बसला होता, पुढ्यात फराळ. त्याने कशालाच हात लावला नाही. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "गोठ्याचं दार उत्तरेला व्हतं." आईने लगेच ते बदललं. मामा त्या दिवशी लवकर निघून गेला.

नंतर तो आजारी पडला, त्या दिवसांत आईने खेळ लावलाच नाही, आणि तो गेला. आईने पेटीवर भरतकामाचा रुमाल टाकला आणि ती पुन्हा त्या खोलीत गेली नाही. त्याचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर एका रविवारी भाऊ घरी असताना ती आपणहून म्हणाली, "लाव रं ते. घर बघू."

भावाने पेटी लावली, इंटरनेट जोडलं. इतक्या दिवसांनी जागी झालेली पेटी बराच वेळ गरगरत राहिली. खेळ साठवायला कंपनीचं दूरवर एक कपाट असतं, त्यात मामाच्या खात्यावर जे काही साठलं होतं ते तिने खाली ओढून घेतलं, आणि मग एक नवीन पान दाखवलं. आता नियम बदलले होते. खातं ज्याच्या नावावर आहे त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यात आपला चेहरा दाखवायचा आणि ओळखपत्र दाखवायचं, मगच आत सोडणार. खातं मामाच्या नावावर.

आईने विचारलं, काय म्हणतंय? भावाने सांगितलं. ती म्हणाली, मग दाखवा की चेहरा, आणि पदर सारखा करून मोबाइलसमोर बसली. तुम्ही माझ्या आईला आणि मामाला शेजारी-शेजारी पाहिलं असतंत तर तुम्हाला कळलं असतं. तेच नाक, तीच हनुवटी, हसताना डावा डोळा बारीक व्हायचा तोही तसाच. महाळुंग्याच्या जुन्या माणसांतला कुणीही रस्त्यात थांबवून आईला विचारायचा, तू त्याची बहीण का गं? मोबाइल तिच्याकडे बघत राहिला. चेहरा जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मोबाइल सांगेल तसं तिने सगळं केलं. शेवटी लाल अक्षरं आली की चेहरा जुळत नाही.

"न्हाई कसा जुळत," आई म्हणाली. तिला ते अपमानासारखं लागलं. मलाही लागलं.

मग कंपनीशी बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे टाइप करणं, आणि समोर माणूस आहे की यंत्र हे शेवटपर्यंत कळत नाही. भावाने नीट इंग्रजीत सगळं मांडलं. खातेदार वारले, आम्ही सख्खे नातेवाईक, आत आईने बांधलेलं एक काम आहे, तेवढंच हवं आहे. उत्तर आलं की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, परंतु खातेदाराच्या गोपनीयतेसाठी आम्ही इतर कुणाला काहीही देऊ शकत नाही. भावाने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, फक्त दुःखाचं वाक्य थोडं वेगळं. त्याच आठवड्यात मामाच्या ईमेलवर त्यांचं पत्र गेलं होतं म्हणे, की आम्हाला तुमची आठवण येते, परत खेळायला या. मामाच्या मुलाने ते भावाला दाखवलं. गोपनीयतेची काळजी असलेली कंपनी मेलेल्या माणसाला खेळायला बोलवत होती.

माझं डोकं फिरलं. मी भावाला म्हटलं, हा माणूस कधी खेळतो, किती वेळ खेळतो, कुठे राहतो, हे सगळं तुम्ही टिपून ठेवता तेव्हा कुठे जाते तुमची गोपनीयता? ती बरोबर आमच्यासमोरच कशी आठवते? तो म्हणाला, 'तुम्ही' म्हणू नकोस, ती माझी कंपनी नाही. पण मग त्याने तिचीच बाजू घेतली. म्हणाला, उद्या कुणीही उठून म्हणेल मी बहीण, मी भाऊ, द्या सगळं उघडून. मामाचे फोटो आहेत त्यात, बोलणं आहे, कुणाच्या हाती पडावं असं वाटतं तुला? यातही तथ्य होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, मग पेटी फोडू. माणसं आहेत की हे काम करणारी. तो जेवता-जेवता पानावरून उठला. कुलूप तोडणं हा गुन्हा धरतात, आपण मान्य केलंय तसं, आणि मी दिवसभर ऑफिसात याच लोकांच्या मागे असतो, असं म्हणाला. कुणी मान्य केलंय, मी विचारलं. आणि दोघांनाही एकदमच आठवलं की कुणी.

आई हे सगळं ऐकत होती. ती इतकंच म्हणाली, "माझ्या भावाला इचारा म्हणं. तो असता तर मी ह्यांच्या दारात कशाला गेले असते?"

त्यानंतर ती जेवायची, दुकानात येऊन बसायची, पण गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखी बोलायची नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, मला आता त्या विहिरीची कड आठवत नाही. इमारती झाल्या तेव्हा ती रडली नव्हती, त्या दिवशी रडली. मी तिथल्या तिथे ठरवलं की ही पेटी उघडायची, भावाला पटो न पटो.

पिरंगुटला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेली एक मुलगी आहे. तिच्या आजोबांचं आमच्याच पेठेत घड्याळांचं दुकान होतं, ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा यायचा. ती अशा पेट्यांची कुलपंही सोडवते हे मला माहीत होतं. मी तिला सगळं सांगितलं. तिने आधीच दोन गोष्टी सांगून टाकल्या. एक म्हणजे जमेलच असं नाही, आणि जमलं तर ही पेटी पुन्हा कधी इंटरनेटला जोडायची नाही, नाहीतर कंपनी तिला कायमची बंद करेल. दुसरं, पेटी चार दिवस तिच्याकडे ठेवावी लागेल.

आईने नाही म्हटलं. पेटी जाऊ देईना. मला कारण कळलं. पूर्वी कल्हईवाला यायचा तेव्हाही आमच्याकडच्या बायका भांडं त्याच्याकडे सोडून जात नसत. समोर बसून, भाता बघत, डोळ्यांदेखत कल्हई करून घ्यायच्या. विश्वास नाही असं नव्हे, पण आपल्या घरातली वस्तू परक्या जागी उघडली जाऊ नये. आई त्या मुलीला म्हणाली, "तू काम कर, पर हितं कर. आत काय हाय ते माझ्याआधी कुणी बघायचं न्हाई." मुलगी हसली नाही, तिला ते पटलं. म्हणाली, काकी, मी रविवारी येते.

भावाला मी आदल्या दिवशीच सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, मी त्या खोलीत येणार नाही, आणि मला काही विचारू नका. तरी तो रविवारी घरी आला आणि दुकानाच्या गल्ल्यावर वडिलांच्या शेजारी पेपर धरून बसला. एकच पान बराच वेळ धरलं होतं.

मुलीने मागच्या खोलीत पेटी उघडली. लॅपटॉप जोडला. आई पाटावर, मी दारात. पहिल्या वेळी काहीतरी चुकलं आणि पेटी पार मेली, दिवासुद्धा लागेना. मुलीचा चेहरा उतरला. आईने माझा हात धरला तो इतका घट्ट की बांगडी रुतली. मला त्या क्षणी वाटलं, आपण हट्टाने होतं तेही घालवलं. मुलीने वायर काढल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चहा झाला, पुन्हा चहा झाला. मग पडदा निळा झाला, आणि नाव नाही, चेहरा नाही, काही न विचारता खेळ सुरू झाला. मुलीने पडद्याकडे पाठ केली आणि म्हणाली, काकी, आता तुम्ही बघा.

महाळुंगे तसंच होतं. घर, विहीर, चौकोनी जांभूळ. आई अंगठ्याने हळूहळू पुढे चालत गेली, सोप्यातून माजघरात, माजघरातून मागच्या दाराने बाहेर. आणि थांबली.

"हे मी केलेलं न्हाई," ती म्हणाली.

मागच्या खाचरातून एक बांध गेला होता. सरळ, बरोबर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्याकडे शेतात असा बांध एकाच कामासाठी घालतात. वाटणीसाठी.

मी भावाला हाक मारली. तो पेपर टाकून आत आला, आपण येणार नव्हतो हे विसरूनच. त्याने आईच्या हातातून बटणं घेतली, कुठेतरी आत जाऊन काय काय बघितलं आणि म्हणाला, "हे शेवटचं उघडलंय ते ह्या पेटीवरून नाही. महाळुंग्यातल्या पेटीवरून उघडलंय, मामा आजारी होता तेव्हाची तारीख आहे." मामाच्या फ्लॅटमध्ये त्याच्या नातवाची तसलीच पेटी होती. नाव मामाचं, खातं मामाचं, आणि ते कुठल्याही पेटीवर उघडायचं. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. आजारपणात, बुजवलेल्या विहिरीच्या वर कुठेतरी, पंधराव्या नाहीतर विसाव्या मजल्यावर बसून तो आमच्या पेटीतल्या शेतात आला होता आणि त्याने बहिणीचा वाटा काढून ठेवला होता.

भावाने बांधाच्या कडेने चालवून दाखवलं. विहिरीकडून येणारा पाट मामाने वळवला होता. घराच्या बाजूचा अर्धा भाग, म्हणजे पाण्याचा, भाताने भरलेला, हिरवागार. पलीकडचा अर्धा नुसती कोरडी माती. तो कोरडा त्याने स्वतःला ठेवला होता, ओला आईला.

मुलगी पाठ करूनच बसली होती. आईच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मी तो नीट बघितला. इतक्या वर्षांचा राग, जो तिने कधी कुणाला दाखवला नव्हता.

"हितं वाटणी केली," ती म्हणाली. "खेळात."

मग ती रडली. भाऊ तिच्या शेजारी खाली बसला. मी दारातच उभी राहिले, कारण मलाही रडायला येत होतं आणि मला ते चारचौघांत आवडत नाही. बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले, पडद्याजवळ सरकली आणि बोट ठेवलं.

"हा बांध हितं फोड."

"सगळा काढू?" भावाने विचारलं.

"सगळा कशाला. खालच्या अंगाला फोड, पाणी जाईल एवढा. त्याच्याकडं कोरडं पडलंय."

भावाने एक ठोकळा काढला. पाणी थोडं थांबलं आणि मग पलीकडे गेलं, कोरड्या मातीवरून पसरत. आई ते शेवटच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर बघत राहिली.

"तोंडानं बोलायचं तरी," ती म्हणाली. "मी काय न्हाई म्हणले असते व्हय."